पिवळा फ्यूज जपून ठेवा

प्रश्न : मी नाशिकला शिक्षक आहे. चौदा महिन्यांपूर्वी नवी गाडी घेतली, वॉरंटी तीन वर्षांची. बाहेरच्या दुकानातून डॅशकॅम (समोरचा रस्ता टिपणारा कॅमेरा) बसवून घेतला. गाडी खड्ड्यात आपटली की तो बंद पडायचा. पुन्हा गेलो तेव्हा फिटरने लायटर सॉकेटमधला प्लग काढून डॅशबोर्डच्या आतल्या वायरीवरून सप्लाय दिला आणि त्याच लाइनवर हवा भरायच्या पंपासाठी एक जादा सॉकेट बसवला. पंप लावला की फ्यूज उडायचा, म्हणून त्याने लाल फ्यूज काढून पिवळा लावला. गेल्या आठवड्यात इगतपुरीजवळ टायरमध्ये हवा भरत असताना डॅशबोर्डखालून धूर आला, वायरी वितळल्या. वर्कशॉपने 68,000 रुपयांचं एस्टिमेट दिलंय आणि ‘बाहेरून काम केलंत, वॉरंटी संपली’ असं तोंडी सांगितलंय. दुकानदाराने बिल दिलं नव्हतं. 4,200 रुपये यूपीआयने दिले होते. तो म्हणतो, ‘कॅमेरा काढून टाका, विमावाल्यांना काही सांगू नका.’ काय करू?

उत्तर : नमस्कार सर. आधी दुकानदाराच्या सल्ल्याबद्दल, कारण तो मानलात तर पुढचं काहीच उपयोगाचं राहणार नाही. कॅमेरा काढू नका. तोडलेल्या, जोडलेल्या वायरी कुणालाही लपवता येत नाहीत. डॅशबोर्ड उघडला की सर्व्हेअरला, म्हणजे विम्यासाठी नुकसान तपासणाऱ्याला, टेप गुंडाळलेला जोड दिसणारच. क्लेम फॉर्मवर खोटं लिहिलंत, तर तेवढं एक कारण विमा कंपनीला पुरेसं आहे. शिवाय दुकानदाराविरुद्धचा तुमचा पुरावा तुम्हीच नष्ट केलेला असेल.

तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची गोष्ट तो पिवळा फ्यूज आहे. गाडीतल्या पातीच्या फ्यूजमध्ये लाल म्हणजे 10 अँपिअर, पिवळा म्हणजे 20. फ्यूज असतो वायरीच्या रक्षणासाठी. वायरीला झेपणार नाही इतका करंट जाऊ लागला की आधी फ्यूज उडावा, वायर तापू नये, एवढंच त्याचं काम. तुमचा लाल फ्यूज वारंवार उडत होता, म्हणजे तो आपलं काम नीट करत होता. फिटरने पंपासाठी बॅटरीपासून वेगळी जाड वायर आणि तिचा स्वतःचा फ्यूज टाकायला हवा होता. त्याऐवजी त्याने राखणदारच बदलला, आणि मग फ्यूजच्या आधी वायर जळाली. ग्राहक आयोगापुढे दुकानदाराची सेवेतली त्रुटी सिद्ध करायला याहून स्पष्ट वस्तू मिळणं कठीण.

म्हणून उद्याच वर्कशॉपला ईमेल करा : माझ्या लेखी संमतीशिवाय दुरुस्ती सुरू करू नये, काढलेला फ्यूज, जोड दिलेला वायरीचा तुकडा आणि जळालेलं हार्नेस (वायरींचा जुडगा) मला सीलबंद करून द्यावं. वर्कशॉपमधला जुना माल दोन दिवसांत भंगारात जातो, मग वकील कितीही चांगला असला तरी त्याच्या हाती काही राहत नाही. जोड जिथे आहे तिथला फोटो वायर न हलवता घ्या, फ्यूजवरचा आकडा दिसेल असा दुसरा घ्या. आणि कॅमेऱ्यातलं मेमरी कार्ड आजच काढून घ्या. ते भरलं की जुन्या फाइलवर नवं रेकॉर्डिंग चढतं. आधीच्या प्रवासांतल्या तुटक फाइल शिल्लक असतील, तर सप्लायचं मूळ काम किती ढिलं होतं ते त्यांतूनच दिसेल.

आता वॉरंटी. इथे स्पष्ट सांगते, जळालेल्या वायरिंगपुरतं कंपनीचं म्हणणं मला बरोबर वाटतं. नुकसान बाहेरच्या कामामुळेच झालं, तर ते वॉरंटीत मागता येणार नाही. पण ‘वॉरंटी संपली’ हे वाक्य त्याहून फार मोठं आहे. डॅशबोर्डखालच्या जोडाचा क्लच, एसी कॉम्प्रेसर किंवा सस्पेन्शनशी काय संबंध? कोणता भाग, कोणत्या कारणाने आणि वॉरंटी पुस्तिकेतल्या कोणत्या अटीखाली नाकारला, हे लेखी मागा, आणि बाकीच्या भागांची वॉरंटी चालू असल्याचंही लेखी मागा. तोंडी नकाराला उत्तर देता येत नाही. लेखी नकाराला देता येतं.

विमा कंपनीला तुम्ही अजून कळवलेलं दिसत नाही. ते आजच करा, गाडी उघडण्याआधी. गाडीच्या नुकसानीच्या विम्यात आग आणि आपोआप पेट घेणं यांना संरक्षण असतं. ‘इलेक्ट्रिकल ब्रेकडाउन’ मात्र वगळलेला असतो. वाद नेमका इथेच होणार. कंपनी म्हणेल, ज्वाळा नव्हत्या, हा नुसता बिघाड आहे. तुम्ही म्हणाल, धूर आला, वायरी वितळल्या, उष्णतेने जळून नुकसान झालं. बाजू मांडण्यासारखी आहे, पण जिंकालच असं मी म्हणणार नाही. घडलं ते जसंच्या तसं लिहा. ‘शॉर्ट सर्किट’ हा शब्द वर्कशॉपच्या सांगण्यावरून स्वतःच्या फॉर्मवर घालू नका, कारण शोधणं हे सर्व्हेअरचं काम आहे. त्याच्या अहवालाची प्रत मागून घ्या. तो अहवाल म्हणजे शेवटचा शब्द नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये न्यू इंडिया अ‍ॅशुरन्स विरुद्ध प्रदीपकुमार या निकालात सांगितलं आहे. पॉलिसीतला अपवाद लागू होतो हे दाखवण्याची जबाबदारीही विमा कंपनीवरच असते.

डॅशकॅम लावला म्हणजे गाडीत बेकायदा बदल केला, असं कुणी म्हणालं तर घाबरू नका. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आरसीवर नोंदलेल्या मूळ तपशिलांत बदल करण्याबद्दल आहे. कॅमेऱ्याने त्यांतलं काहीच बदलत नाही. खुद्द कॅमेऱ्याची किंमत मात्र बहुधा मिळणार नाही, कारण बाहेरून बसवलेल्या इलेक्ट्रिकल अ‍ॅक्सेसरीज पॉलिसीत वेगळ्या नोंदवून त्यांचा जादा प्रीमियम भरावा लागतो.

क्लेम नाकारला, तर आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लिहा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही, तर एका वर्षाच्या आत विमा लोकपालांकडे जाता येतं. तिथे फी नाही, वकीलही लागत नाही. पण त्याच विषयावर ग्राहक आयोगात प्रकरण चालू असेल, तर लोकपाल तक्रार घेत नाहीत. म्हणून विमा कंपनीला आयोगात ओढण्याआधी हा क्रम ठरवून घ्या.

दुकानदाराविरुद्ध मात्र जिल्हा ग्राहक आयोगच. तुम्ही नाशिकला राहता, म्हणून तक्रार नाशिकलाच दाखल करता येते, आणि इतक्या कमी मोबदल्याच्या प्रकरणाला फी लागत नाही. मुदत दोन वर्षांची आहे, तरी तेवढं थांबू नका. आधी रजिस्टर्ड पोस्टाने नोटीस द्या. बिल नाही म्हणून तुमची बाजू पडत नाही. ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार बिल न देणं हीच अनुचित व्यापारी प्रथा आहे. यूपीआयची नोंद, फिटरचे व्हॉट्सअ‍ॅप मेसेज आणि ‘कॅमेरा काढून टाका’ हे त्याने लिहून पाठवलं असेल तर तोही मेसेज जपा. मूळ फोन बदलू नका. या नोंदींसोबत इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खालचं प्रमाणपत्र जोडायला लागेल. आयोगाला जळालेल्या वायरीची प्रयोगशाळेत तपासणी करून घ्यायची विनंती करता येते, आणि तेव्हा सीलबंद पिशवी कामाला येते.

तुमची नोटीस मिळाली की दुकानदार बहुतेक दहा-पंधरा हजारांवर मिटवायला येईल. पैसे घ्यायचे की नाही ते तुम्ही ठरवा, पण विमा क्लेमचा निकाल लागेपर्यंत ‘माझी काही तक्रार उरलेली नाही’ अशा कागदावर सही करू नका. विमा कंपनीने पैसे दिले, तर दुकानदाराकडून ते वसूल करण्याचा हक्क तिच्याकडे जातो; तो तुम्ही आधीच सोडून दिलात, तर त्याच कारणाने तुमचा क्लेम अडू शकतो.