स्वतःच्या चाली ऑनलाइन कुठे ठेवाव्यात?

तुम्ही घरीच सात गाणी ध्वनिमुद्रित केली आहेत. त्यांपैकी तीन बालकवींच्या कवितांना लावलेल्या चाली आहेत, एक कुसुमाग्रजांच्या कवितेची आहे, दोन गाण्यांचे शब्दही तुमचेच आहेत आणि एक जुने चित्रपटगीत तुम्ही पुन्हा गायले आहे. पेटी तुम्ही वाजवली आहे, तबला मात्र ॲपमधल्या लूपचा, म्हणजे पुन्हापुन्हा फिरणाऱ्या तयार ठेक्याच्या तुकड्याचा आहे. ही गाणी यूट्यूबवर टाकावीत, स्पॉटिफायवर टाकावीत, की एक कंपनी आपल्या चॅनेलवर प्रसिद्ध करायला तयार आहे तिला द्यावीत, असे तुम्ही विचारले आहे. गेली बारा वर्षे मी माझ्या चाली यांतल्या बहुतेक ठिकाणी ठेवत आलो आहे, म्हणून माझे मत आधीच सांगतो : सातही गाणी एकाच ठिकाणी जाणार नाहीत. प्रत्येक गाण्याची जागा त्याच्या हक्कांवरून आणि त्याच्या श्रोत्यांवरून ठरते, आणि हक्कांचे काम आधी उरकावे लागते.

आपल्या कायद्याप्रमाणे कवितेवरचा स्वामित्वहक्क कवीच्या निधनानंतर ६० वर्षे टिकतो. बालकवी १९१८ साली गेले, त्यामुळे त्यांच्या कवितांना चाल लावण्यासाठी आज कोणाची परवानगी लागत नाही आणि तुमची चाल मात्र पूर्णपणे तुमची असते. कुसुमाग्रजांचे निधन १९९९ सालचे आहे; त्यांच्या कवितेवरचा हक्क २०५९ सालच्या अखेरीपर्यंत आहे, म्हणून ते गाणे लेखी परवानगी हातात आल्याशिवाय कुठेही टाकू नये. चित्रपटगीताचे शब्द आणि चाल दोन्ही दुसऱ्यांची आहेत. ते टाकायचेच असेल तर फक्त यूट्यूबवर टाका, कारण तिथे कॉन्टेन्ट आयडी ही यंत्रणा मूळ गाणे ओळखते आणि पुष्कळदा जाहिरातींचे उत्पन्न मूळ हक्कदाराकडे वळवून व्हिडिओ तसाच राहू देते. हक्कदाराने ठरवले तर तो व्हिडिओ बंदही करू शकतो, याची तयारी ठेवा. इंटरनेटवरून उतरवलेला कराओके ट्रॅक त्यात वापरला असेल तर तो मात्र काढून टाका. ध्वनिमुद्रणावरचा हक्क हा चालीवरच्या हक्कापासून वेगळा असतो.

राहिली पाच गाणी. ती सर्वांत आधी यूट्यूबवर जावीत, असे मी म्हणेन, आणि त्याचे कारण अगदी साधे आहे : मराठी भावगीत ऐकणारा माणूस गाणे शोधत फारसा जात नाही, ते त्याच्याकडे व्हॉट्सॲपवर येते. यूट्यूबची लिंक कोणत्याही फोनवर उघडते, त्यासाठी नवे ॲप घ्यावे लागत नाही की खाते उघडावे लागत नाही. माझी सत्तरीतली मावशी दुपारी जेवण झाल्यावर ती लिंक उघडते आणि ऐकून झाल्यावर तिच्या भिशीच्या गटात पुढे पाठवते. असे श्रोते दुसऱ्या कोणत्याही ठिकाणी मला मिळालेले नाहीत. चित्रीकरणाची गरज नाही, एक स्वच्छ स्थिर चित्र पुरते, मात्र वर्णनात कवीचे नाव आणि कवितेचे पूर्ण शब्द देवनागरीत अवश्य लिहा, कारण कवितेची ओळ टाकून शोधणारे वाचक त्यातूनच तुमच्यापर्यंत पोहोचतात.

उत्पन्नाबद्दल मात्र स्पष्ट हिशेब मांडतो. यूट्यूबवरच्या जाहिरातींचा वाटा मिळण्यासाठी १००० सदस्य आणि मागच्या १२ महिन्यांत ४००० तासांचे पाहणे लागते. चार मिनिटांचे गाणे संपूर्ण ऐकले गेले तरी ४००० तास भरण्यासाठी ते ६०,००० वेळा ऐकले जायला हवे. स्पॉटिफायने २०२४ पासून असा नियम केला आहे, की मागच्या १२ महिन्यांत किमान १००० वेळा ऐकल्या न गेलेल्या गाण्याला काहीच रॉयल्टी मिळत नाही. सुरुवातीची दोन-तीन वर्षे हे उत्पन्न शून्य धरून चालावे, म्हणजे जागा निवडताना मन भलत्या आशेने ओढले जात नाही.

तुमच्या तबल्याच्या लूपबद्दल मला खरी काळजी वाटते. काही वर्षांपूर्वी मी तुकारामांच्या एका अभंगाला चाल लावून यूट्यूबवर टाकली आणि दुसऱ्याच दिवशी तिच्यावर एका अनोळखी भक्तिगीताच्या मालकाचा क्लेम, म्हणजे हक्काचा दावा आला. त्यांची चाल वेगळी, शब्द वेगळे, आवाजही वेगळा होता. बराच वेळ दोन्ही गाणी आळीपाळीने ऐकल्यावर माझ्या लक्षात आले, की दोघांनीही एकाच ॲपमधला भजनी ठेक्याचा तोच लूप वापरला होता आणि त्यांनी आपले संपूर्ण गाणे कॉन्टेन्ट आयडीमध्ये नोंदवले होते. मी हरकत नोंदवली, लूपच्या परवान्याची प्रत आपल्याजवळ असल्याचे लिहिले, आणि तीन आठवड्यांनी क्लेम मागे घेतला गेला. अशा हरकतीला उत्तर देण्यासाठी समोरच्याला ३० दिवस मिळतात. म्हणून लूपच्या परवान्याच्या अटी आजच उतरवून ठेवा. शक्य असेल तर एखाद्या तबलावादकाकडून निदान दोन गाण्यांची साथ नव्याने वाजवून घ्या. त्याने गाणेही सुधारेल. लूप असलेले गाणे तुम्ही स्वतः कॉन्टेन्ट आयडीमध्ये कधीही नोंदवू नका, नाहीतर तुमच्याकडून दुसऱ्या कोणावर तसाच अन्याय होईल.

स्पॉटिफाय, ॲपल म्युझिक किंवा जिओसावन यांच्याकडे आपण स्वतः गाणे थेट चढवू शकत नाही, मध्ये डिस्ट्रिब्युटर, म्हणजे गाणी त्यांच्यापर्यंत पोहोचवणारी मध्यस्थ कंपनी लागते. काही डिस्ट्रिब्युटर वार्षिक वर्गणी घेतात आणि ती थांबली की गाणी सगळीकडून उतरतात. डिस्ट्रोकिड या प्रकारातला आहे. सीडी बेबीसारखे काही एकदाच शुल्क घेऊन उत्पन्नातला हिस्सा कापतात, आणि राउटनोटसारखे काही सुरुवातीला काहीच न घेता १५ टक्के कापतात. वर्षाला पाच-सहा गाणी करणाऱ्या माणसाने वार्षिक वर्गणीत अडकू नये, असे माझे ठाम मत आहे, कारण ज्या वर्षी हातून काही होणार नाही त्या वर्षीही जुनी गाणी जिवंत ठेवण्यासाठी पैसे भरावे लागतात. अर्ज भरताना आपल्या नावाचे रोमन स्पेलिंग एकदाच ठरवा आणि ते कधीही बदलू नका. आपली नावे-आडनावे इतकी सारखी असतात, की दुसऱ्याच गायकाच्या पानावर आपले गाणे जाऊन बसते. गीतकार या रकान्यात बालकवींचे नाव लिहा आणि प्रत्येक गाण्याला मिळणारा बारा अक्षरांचा आयएसआरसी क्रमांक वहीत उतरवून ठेवा. पुढे डिस्ट्रिब्युटर बदलताना तोच क्रमांक द्यावा लागतो.

प्रसिद्ध करण्याआधी गाणी दोन-तीन जाणकारांना ऐकवायची असतील, तर त्यासाठी साउंडक्लाउड उत्तम आहे. तिथे गाणे खाजगी ठेवून लिंक देता येते आणि ऐकणारा ध्वनीच्या आलेखावर नेमक्या जागी शेरा लिहू शकतो. माझ्या एका गाण्यात २ मिनिटे १४ सेकंदांवर एका मित्राने लिहिले होते, ‘भात्याचा आवाज येतोय, आणि समेला तू अर्धी मात्रा आधी आलास.’ फोनवर ‘छान झालंय’ एवढेच ऐकायला मिळाले असते.

बँडकॅम्पवर श्रोता गाणे विकत घेतो आणि त्याला मूळ दर्जाची फाइल मिळते. बँडकॅम्प डिजिटल विक्रीवर साधारण १५ टक्के घेते. पैसे पेपाल या ऑनलाइन देवघेवीच्या सेवेवर येतात, आणि पेपालने १ एप्रिल २०२१ पासून भारतातल्या भारतात होणारे व्यवहार बंद केले आहेत, त्यामुळे तुमचे श्रोते अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये असतील तरच तिथे जाण्यात अर्थ आहे.

आता तुमची गाणी आपल्या चॅनेलवर प्रसिद्ध करायला तयार असलेल्या त्या कंपनीविषयी. असेच एक गाणे मी एका चॅनेलला दिले होते. त्यांनी कवीचे नाव चुकीचे छापले, आणि खाते त्यांचे असल्यामुळे मी वर्षभर विनवूनही ते दुरुस्त झाले नाही. त्या कवीच्या मुलीने मला फोन करून विचारले तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हते, आणि ते मला अजून लागून राहिले आहे. करारात ‘सर्व हक्क कायमस्वरूपी’ असे शब्द असतील तर सही करू नका. हक्क देण्याची मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती पाच वर्षे धरतो आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरता धरतो, म्हणून मुदत, प्रदेश आणि माध्यम या तिन्ही गोष्टी स्पष्ट लिहून मागा. त्यांना हे मान्य नसेल तर तुमच्या स्वतःच्या चॅनेलवरचे दोनशे श्रोते त्यांच्या दोन लाखांपेक्षा मला अधिक मोलाचे वाटतात.

कुठेही टाका, पण मूळ डब्ल्यूएव्ही, म्हणजे पूर्ण दर्जाची ध्वनीची फाइल आणि वेगवेगळे ट्रॅक दोन वेगळ्या डिस्कवर ठेवा, आणि त्यांतली एक डिस्क दुसऱ्या घरी असू द्या. २०१९ साली मायस्पेस या संकेतस्थळाने मान्य केले, की २००३ ते २०१५ या काळात लोकांनी चढवलेले संगीत सर्व्हर बदलताना नष्ट झाले. कोट्यवधी गाणी त्यात गेली आणि अनेकांकडे दुसरी प्रत नव्हती.

तुमच्या जागी मी असतो, तर बालकवींच्या तीन चालींपैकी सर्वांत चांगली एक निवडून तिची तबल्याची साथ पुन्हा वाजवून घेतली असती, ती पंधरा दिवस साउंडक्लाउडवर खाजगी ठेवली असती, आणि मग यूट्यूबवर टाकली असती. डिस्ट्रिब्युटरकडे ती प्रकाशनाच्या महिनाभर आधी द्या, कारण स्पॉटिफायच्या संपादकांकडे गाणे सुचवायचे तर ते निदान सात दिवस आधी पोहोचलेले असावे लागते. कुसुमाग्रजांच्या कवितेसाठीचे परवानगीचे पत्र याच आठवड्यात लिहा. उत्तर यायला वेळ लागतो.