खंडणी कुणी खंडली?

प्रश्न असा आहे: ‘मुलीच्या इतिहासाच्या पुस्तकात व्हर्सायच्या तहाने जर्मनीवर जबर युद्धखंडणी लादली असं लिहिलंय. शिकवणीच्या बाई नुकसानभरपाई म्हणा म्हणतात. बरोबर काय? आणि तह म्हणायचं की करार?’

बाईंचं बरोबर आहे. एवढ्यावर थांबता आलं असतं, पण परवाच एका व्याख्यानात ‘दोस्त राष्ट्रांनी जर्मनीकडून खंडणी उकळली’ हे ऐकून आलोय आणि अजून डोकं ठणकतंय. खंडणी म्हटलं की हल्ली लोकांना फोनवरून धमकावणारा गुंड आणि पोलिसांचं खंडणीविरोधी पथक, एवढंच दिसतं.

खंडणे म्हणजे तोडणे, हे सगळ्यांना ठाऊक आहे, ते सोडा. विसरला गेलाय तो दुसरा अर्थ: भाव, मजुरी, रक्कम एकदाची ठरवून टाकणे. ‘एकदाचा काय तो तुकडा पाडा’ म्हणतो ना, तेच. जमिनीचा खंड त्यातलाच. आमच्या आजोळी वरचं रान अर्धेलीने दिलेलं होतं, खालचं खंडाने. सुगीत मामा वरच्या खळ्यावर राशीपाशी ठिय्या देऊन बसत, कारण निम्मं मोजून घ्यायचं असे. खालच्या रानाकडे फिरकतही नसत. पाऊस पडो न पडो, ठरलेली पोती घरी येत. साखर कारखान्यांना जमिनी देऊन बसलेल्या खंडकरी शेतकऱ्यांच्या नावातला खंड हाच. तेव्हा खंडणी म्हणजे आकडा खंडून घेतलेलं देणं.

खंडणी ‘खांडा’ म्हणजे तलवारीवरून आली, असं छातीठोक सांगणारे विद्वान दर वर्षी भेटतात. तलवारीच्या धाकाने घेतात म्हणून खंडणी म्हणे! धाक चौथाईलाही होता, मग तिला खांडाई का नाही म्हटलं? खांडा हे ‘खड्ग’चं लेकरू. त्याचा इथे काही संबंध नाही.

खरी खंडणी पाहायची असेल तर १८७१ च्या फ्रँकफुर्टच्या तहात पाहा. युद्धात हरलेल्या फ्रान्सवर जर्मनीच्या बिस्मार्कने ५ अब्ज फ्रँक बसवले. आकडा खंडलेला, मुदत खंडलेली. फ्रान्सने कर्जरोखे काढून सप्टेंबर १८७३ मध्ये सगळे चुकते केले आणि जर्मन फौजा माघारी गेल्या. युद्धाला जबाबदार कोण, हे तहात लिहून घ्यायची बिस्मार्कला गरजच पडली नाही. जिंकलो, म्हणून द्या.

पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ च्या व्हर्सायच्या तहात, हे चालणार नव्हतं. दंड म्हणून वसुली नको, असं अमेरिकेचे अध्यक्ष विल्सन आधीच बोलून बसले होते. मग भाषा आली भरपाईची. तहाच्या जर्मन पाठात आठव्या भागाचं शीर्षक आहे ‘वीडरगुटमाखुंगेन’, म्हणजे बिघडलेलं पुन्हा नीट करून देणं. शब्द खंडणीपेक्षा किती सभ्य! पण भरपाई मागायची तर आधी जबाबदार कोण ते लिहावं लागतं. त्यासाठी कलम २३१ घातलं. त्यात ‘अपराध’ हा शब्द नाही, आणि ऑस्ट्रिया-हंगेरीच्या तहांतही तसंच कलम आहे. तरी जर्मनांनी त्याला नाव दिलं ‘क्रीग्सशुल्ड’चं, म्हणजे युद्धाच्या अपराधाचं कलम. आता गंमत बघा: जर्मनमध्ये शुल्ड म्हणजे अपराध, आणि त्याचंच अनेकवचन शुल्डेन म्हणजे कर्ज! दोष आणि देणं एकाच शब्दाच्या पोटात. माझं ठाम मत आहे की सभ्य शब्द वापरल्यानेच जखम जास्त चिघळली. खंडणी देऊन फ्रान्स गरीब झाला असेल, गुन्हेगार ठरला नव्हता.

आणि आकडा? तो १९१९ मध्ये खंडलाच नाही! भरपाई आयोगाने १ मे १९२१ पर्यंत तो पक्का करावा, असं ठरलं. मग आला १३२ अब्ज सुवर्ण मार्कांचा. त्यातले ८२ अब्जांचे तिसऱ्या वर्गाचे रोखे कधी वटतील, याची घेणेकऱ्यांनाही आशा नव्हती. पण सभेत ओरडायला १३२ च बरे.

ओरडले ते उजवे. सही करायची वेळ मात्र समाजवादी हेर्मान म्युलर आणि सेंटर पक्षाच्या योहानेस बेल यांच्यावर आली. नव्या प्रजासत्ताकाच्या कपाळी तो टिळा कायमचा बसला. शस्त्रसंधीवर सही करणाऱ्या एर्त्सबर्गर यांचा १९२१ मध्ये खून, अटी पाळून दाखवू म्हणणाऱ्या राटेनाउ यांचा १९२२ मध्ये. पुढच्याच जानेवारीत भरपाईपोटी द्यायचे तारेचे खांब आणि कोळसा कमी पोचला म्हणून फ्रेंच-बेल्जियन फौजा जर्मनीच्या रूर या कोळसापट्ट्यात शिरल्या. हरताळ पाळणाऱ्या कामगारांचे पगार नोटा छापून दिले गेले, आधीच भडकलेली महागाई हाताबाहेर गेली आणि नोव्हेंबरात एका डॉलरला ४.२ लाख कोटी मार्क पडू लागले. ज्यांची आयुष्यभराची पुंजी बँकेत होती, त्यांच्या हाती ट्रामच्या तिकिटापुरतंही उरलं नाही.

या सगळ्यात उजव्यांनी शब्द बदलला. ‘रेपारात्सिओनेन’, म्हणजे भरपाई, हा शब्द टाकून ते ‘ट्रिबूट’ म्हणू लागले. ट्रिबूट म्हणजे मांडलिकाने सार्वभौमाला द्यायची ती. थोडक्यात, आपली खंडणी! १९२९ मध्ये वृत्तपत्रमालक हुगेनबर्गने हिटलरला सोबत घेऊन भरपाईचे नवे हप्ते ठरवणाऱ्या यंग योजनेविरुद्ध सार्वमत घडवलं. बाजूने मतं पडली सुमारे ५८ लाख, ठराव आपटला. पण हिटलरला प्रतिष्ठितांच्या पंगतीत पाट मिळाला. १९३१ च्या जूनमध्ये तर चॅन्सेलर ब्र्यूनिंगच्या सरकारी जाहीरनाम्यातही ‘ट्रिबूट’ आला. विरोधकांचा शब्द सरकारच्या तोंडी बसला की भांडण निम्मं हरलेलं असतं. आणि आपण नववी-दहावीच्या पोरांना तोच शब्द युद्धखंडणी म्हणून घोकायला लावतो.

हां, तह की करार राहिलंच. तह. करार भाडेकरूशीही होतो. फारसीत तह म्हणजे घडी, थर; तहखान्यातला तोच. भांडणाची घडी घालून ठेवली म्हणून तह, असं मला वाटतं. फारसी नको, ‘संधी’ म्हणा, असा आग्रह धरणाऱ्यांनी एकदा ‘व्हर्सायची संधी’ मोठ्याने म्हणून पाहावं. नोकरीची जाहिरात वाटते.

मुलीला ‘युद्धभरपाई’ लिहायला सांगा. पुस्तकातला शब्द नाही म्हणून तपासनिसाने अर्धा गुण कापला, तर कापू द्या.