बसस्थानकावर झोपणाऱ्या पोरांची बिडी कशी सोडवायची?

तुम्ही विचारलंय की कोल्हापूरच्या बसस्थानकावर झोपणारी 18-20 वर्षांची पोरं दिवसभर बिड्या ओढताना दिसतात, त्यांच्यासाठी व्यसनमुक्तीचं एखादं व्याख्यान ठेवलं तर उपयोग होईल का.

नाही होणार. हॉलचं भाडं वाचवा. मी शहरातल्या एका बेघर निवाऱ्यात सहा वर्षं रात्रपाळीला आहे आणि हा शहाणपणा पहिल्याच वर्षी करून बसलोय. काळ्या फुप्फुसाचं चित्र भिंतीला लावून अर्धा तास बोललो. पोरं गुमान ऐकत होती. शेवटी एकजण म्हणाला, "दादा, आमची आई निपाणीत तंबाखूच्या वखारीत होती. त्यावरच जेवलोय आम्ही." निपाणी इथून 40 किलोमीटर. मी चित्र गुंडाळून ठेवलं.

त्याच पोराला पुढं कधीतरी विचारलं, दिवसातली पहिली बिडी कधी ओढतोस? हा प्रश्न कामाचा निघाला. उठल्या उठल्या ज्याला लागते त्याला निकोटीनची सवय घट्ट आहे, एवढं त्यावरून कळतं. हा पाचला डोळे उघडायचा आणि हात कानाकडं जायचा. रात्री बिडी निम्मी ओढायची, टोक भिंतीला घासून विझवायचं आणि उरलेली कानावर ठेवायची, म्हणजे सकाळी खिशात रुपया नसला तरी सोय. का रे, एवढी काय घाई? "भूक मरतीया. जेवण मिळतंय दुपारी, तवर काय करायचं?" आणि रात्री? "जागं ऱ्हायला लागतंय. डोळा लागला की मोबाईल गेला."

म्हणजे बिडी त्याच्याकडं दोन पाळ्यांत कामाला होती. सकाळी नाश्ता, रात्री राखण. बदली माणूस न देता तिला कामावरून काढलं तर पोरगं उघडं पडतं. म्हणून आम्ही बिडीचं नावच काढलं नाही. निवाऱ्यात मोबाईल आणि आधारकार्ड ठेवायला कुलपाची पेटी केली, आणि सकाळी साडेपाचला मूठभर शेंगदाणे आणि गुळाचा खडा द्यायला लागलो. गुळाला आपल्याकडं काय तोटा? दिवसाला एक बंडल लागायचं त्याचं, ते महिनाभरात तीन दिवस पुरायला लागलं. सोडण्याची गोष्ट त्यानंतर त्यानंच काढली.

(हे ऐकल्यावर निम्मं कोल्हापूर सांगतं, "तालमीत घाला की त्याला." घालतो. खुराक कोण देणार?)

मग निकोटीनचं च्युइंगम. 2 मिलिग्रॅमचं मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय मिळतं, 4 चं हवं असेल तर डॉक्टरची चिठ्ठी लागते. घोळ होतो तो खाण्याच्या पद्धतीत. पोरं ते साध्या च्युइंगमसारखं कचाकचा चावतात, उचक्या लागतात, मळमळतं, आणि "दादा, तुमचं औषध बोगस" म्हणून थुंकून टाकतात. मी एवढंच सांगतो: हळू चाव, तोंडात चुणचुणायला लागलं की थांब आणि तंबाखू-सुपारीचा मावा ठेवतोस तसं गालात दाबून ठेव. चुणचुण गेली की परत चाव. हे कोल्हापूरच्या पोराला दुसऱ्यांदा सांगावं लागत नाही. चहावर लगेच घेऊ नको, पंधरा मिनिटं जाऊ दे, नाहीतर नीट लागू होत नाही. आणि पूर्ण पाकीट कुणाच्या हातात देऊ नका. ज्याला कपाट नाही त्याची वस्तू पावसात भिजते, चोरीला जाते, नाहीतर विकली जाते. आमच्याकडं प्रत्येकाच्या नावाचा डबा आहे, रोज त्या दिवसापुरतं काढून द्यायचं.

मावा म्हटला म्हणून सांगतो, खरा सापळा तो आहे. "बिडी सोडली दादा" असं सांगणाऱ्या पोराचं तोंड बघा. मावा धरलेला असतो. निकोटीन तेच, वर तोंडाच्या कॅन्सरची भीती. त्याला शाबासकी देऊ नका आणि शिव्याही घालू नका, परत पहिल्या प्रश्नावर या.

तंबाखू सोडण्यासाठी सरकारचा मोफत फोन नंबर आहे, 1800-11-2356. तो सिगारेट-बिडीच्या पाकिटावर छापलेला असतो. आता गंमत बघा, महाराष्ट्रात 2020 पासून सुटी सिगारेट-बिडी विकायला बंदी आहे, पण बंडलाला पैसे नसलेली पोरं पानपट्टीवरून एकेकच घेतात, त्यामुळं नंबर त्यांना दिसतच नाही. शिवाय तिथले समुपदेशक पुढं पुन्हा फोन करतात, आणि पोराचा मोबाईल तोवर गहाण पडलेला असतो. तुम्हाला खरंच काही करायचंय ना? मग तुमच्या फोनवरून लावून द्या, शेजारी बसा आणि पुढच्या फोनसाठी तुमचाच नंबर द्या. व्याख्यानापेक्षा हे अवघड आहे, कारण फोन आला की त्याला शोधत हिंडावं लागतं.

पहिले तीन दिवस वाईट जातात. झोप उडते, डोकं फिरतं, कांबळ्यावरून मारामाऱ्या होतात. तलफ काही मिनिटांत ओसरते, तेवढा वेळ कुणीतरी बोलायला लागतं. आमचा तो निपाणीचा पोरगा चार वेळा सोडून चार वेळा परत लागला. दर वेळी दोन-चार दिवस तोंड चुकवायचा. आम्ही डब्यावरचं नाव खोडलं नाही. पाचव्यांदा सोडून आता सात महिने झालेत.

खोकला दोन आठवडे हटला नाही तर बिडीचाच आहे असं धरून चालू नका, टीबी आहे का ते बघायला थुंकी तपासून घ्या. सरकारी दवाखान्यात फुकट होते. एकच थोटूक चौघांत फिरतं, आणि ती चौघं एकमेकांना चिकटून झोपतात. पोरगं 18 च्या आतलं वाटलं तर च्युइंगमच्या भानगडीत स्वतः पडू नका, आधी मुलांच्या मदतीचा नंबर आहे, 1098, तिथं फोन करा.

बसस्थानकावर जाणार असाल तर सकाळी सहाच्या आत जा, नंतर सगळी कामाला पांगतात. पत्रकं नेऊ नका. केळी न्या.