फेमटोसेकंद मोजणारं घड्याळ कुठे मिळतं?

तुम्ही विचारलंय, "कार्बनच्या भारित रेणूतला इलेक्ट्रॉन लेसरने वर उडवला की तो पिकोसेकंदात खाली येतो म्हणे. एवढासा वेळ मोजतात कशाने?"

घड्याळाने नाही. मोजतात ते अंतर. (पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा लाख-कोटीवा भाग; फेमटोसेकंद त्याच्याही हजारावा.)

आमच्याकडचं उदाहरण घ्या. भुसावळहून जळगावला दोन मोटारसायकली एकाच क्षणी, एकाच वेगाने निघाल्या. एक सरळ नशिराबादवरून, दुसरी यावलचा वळसा घालून. दुसरी किती उशिरा पोचेल हे जादाच्या किलोमीटरवरून कळतं. लेसरच्या टेबलावरही तसंच. एका स्पंदाचे, म्हणजे क्षणभराच्या लेसर-झोताचे, दोन भाग करायचे आणि दुसऱ्याच्या वाटेत सरकता आरसा ठेवायचा. आरसा ०.१५ मिलिमीटर मागे घेतला की जाऊन-येऊन वाट ०.३ मिलिमीटरने वाढते, म्हणजे १ पिकोसेकंद उशीर. पहिला स्पंद इलेक्ट्रॉन वर उडवतो, म्हणजे जास्त ऊर्जेच्या अवस्थेत नेतो. दुसरा येतो तेव्हा इलेक्ट्रॉन वरच असेल, तर रेणू फुटतो किंवा आणखी एक इलेक्ट्रॉन गमावतो. आयन (म्हणजेच असा रेणू) भारित असल्यामुळे हे तुकडे वजनानुसार वेगळे काढून मोजता येतात. उशीर वाढवत गेलं की मोजणी घसरते; ती ३७ टक्क्यांवर यायला लागणारा वेळ म्हणजे त्या अवस्थेचं आयुष्य.

डांबरगोळीतलं नॅफ्थलीन आणि त्याच्या भाऊबंदांच्या आयनांमध्ये, वरच्या अवस्थांत, ते आयुष्य जेमतेम दोन आकडी फेमटोसेकंद भरतं. प्रकाश टाकायलाही सवड नसते, ऊर्जा रेणूच्या थरथरण्यात जिरते. (कपाशीच्या काड्यांवर भरताचं वांगं भाजताना जी काजळी धरते, तिच्यातही याच कुळातले रेणू असतात.)

पीएच.डी.च्या दिवसांत मला छळलं ते तापमानाने. अ‍ॅल्युमिनियमची १ मीटर पट्टी १ अंशाला २३ मायक्रोमीटर वाढते. तेवढं अंतर कापायला प्रकाशाला ७७ फेमटोसेकंद लागतात, म्हणजे मोजायच्या आयुष्यापेक्षा जास्त! एसी बंद पडला की दिवसभराची मोजणी पाण्यात. जळगावचा मे महिना पाहिलेल्याला वेगळं सांगायला नको.

स्पंद नसले तरी एक आडवाट आहे. आयुष्य जितकं कमी, तितकी वर्णपटातली रेषा (रेणू जो रंग शोषतो त्याची खूण) रुंद. ९५७.७ नॅनोमीटर तरंगलांबीजवळ १ पिकोसेकंदाचं आयुष्य रेषेला सुमारे अर्धा नॅनोमीटर फाकवतं. ९५७.७ हा आकडा मी उगाच निवडला नाही. २०१५ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझेल विद्यापीठातल्या जॉन मायर यांच्या गटाने सी-६० च्या (साठ कार्बन अणूंच्या, फुटबॉलसारख्या रेणूच्या) धनआयनाला हेलियमचा अणू चिकटवून, अतिथंड सापळ्यात ठेवून, त्यावर लेसर मारला. प्रकाश शोषला की हेलियम सुटायचा, आणि किती आयनांचा सुटला ते मोजायचं. मिळालेल्या रेषा ताऱ्यांच्या प्रकाशात दिसणाऱ्या ९५७.७ आणि ९६३.२ नॅनोमीटरच्या पट्ट्यांशी जुळल्या. फक्त रुंदीवरून आयुष्य काढताना रेणूच्या गिरक्यांनी येणारी रुंदी आधी वजा करावी लागते; थंडीचा तिथेही उपयोग होतो.