पात्र, व्यक्तिरेखा की चरित्र?

‘कथेतल्या माणसाला पात्र म्हणावं की व्यक्तिरेखा? दोन्हींचा अर्थ एकच ना? आणि हल्ली “चरित्र” असंही वाचलं, ते चालेल का?’ असा प्रश्न आला आहे.

आधी चरित्राचा निकाल लावू. या अर्थाने ते हिंदीतून आलंय. मराठीत चरित्र म्हणजे एखाद्याची जीवनकथा आणि चारित्र्य म्हणजे वर्तनाची शुद्धता. खलनायकाला ‘उत्तम चरित्र’ म्हटलं तर घोटाळाच व्हायचा.

पात्र आणि व्यक्तिरेखा मात्र पुष्कळदा एकमेकांच्या जागी खपून जातात. फरक कळतो तो सोबतच्या क्रियापदांवरून. पात्र येतं, बोलतं, दार उघडतं, तिसऱ्या प्रकरणात मरतं. व्यक्तिरेखा दार उघडत नाही. ती रंगवली जाते, खुलते, उभी राहते, नाहीतर फसते.

‘पा’ म्हणजे पिणे, त्यावरून पात्र म्हणजे पिण्याचं भांडं. संस्कृत नाट्यात नटालाही पात्र म्हणत. भूमिका ओतायचं भांडं, ही कल्पना मला मोहात पाडते. पण ती माझी, व्युत्पत्ती म्हणून कुणाच्या माथी मारू नये. ‘व्यक्ती’त मात्र ‘वि + अञ्ज्’ आहे, म्हणजे उघड होणे, प्रकट होणे. अव्यक्त, अभिव्यक्ती, व्यंजना हे सगळे त्याच घरातले.

हे उघड होणंच कथेत महत्त्वाचं. ‘तो कमालीचा चिक्कू होता’ असं लिहिलं की लेखकाने पात्राला एक गुण डकवला, एवढंच. त्याऐवजी तो टपालाने आलेल्या पाकिटाचे जोड अलगद सोडवतो, ते उलटं करून पुन्हा चिकटवतो आणि त्यातून मुलीला चार पानी पत्र धाडतो, असं लिहिलं तर? चिक्कूपणा दिसलाच, पण पाकिटाला जपणारा माणूस पत्राच्या कागदाला जपत नाही, हेही दिसलं. लेखक त्याबद्दल अवाक्षर बोललेला नाही. व्यक्तिरेखेतली रेघ वाचकाने पुरी केली.

इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांनी १९२७ साली पात्रांचे सपाट आणि गोल असे दोन प्रकार सांगितले. सपाट म्हणजे एकाच गुणावर उभं असलेलं, गोल म्हणजे आपल्याला पटेल असा धक्का देऊ शकणारं. सपाट पात्र मराठीत छान रुळलं. ‘गोल पात्र’ म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे पातेलंच येतं. तिथे ‘भरीव व्यक्तिरेखा’ म्हणावं.

लिहिताना ‘व्यक्तीरेखा’ नको. सुटा शब्द ‘व्यक्ती’, समासात ‘व्यक्ति-’. बुद्धी आणि बुद्धिबळ यांसारखं. नायक पुरुष असला तरी ‘ही व्यक्तिरेखा’च.

एका प्रसंगात पत्र टाकून जाणारा पोस्टमन पात्र खरा, पण त्याला व्यक्तिरेखा म्हणणं जड जातं. नाटकाच्या पुस्तकातली यादीही पात्रांचीच असते. आणि बोलताना ‘काय पात्र आहे!’ हे आपण हाडामांसाच्या माणसाबद्दल म्हणतो. तिथे ‘काय व्यक्तिरेखा आहे!’ म्हणून पाहा, गंमतच निघून जाते.