रंगीत पाण्याविरुद्ध हरकत कोठे नोंदवावी?

प्रश्न : आमची शेती शिरोळ तालुक्यात पंचगंगेच्या काठी आहे. उन्हाळ्यात नदी आटली की मोटर सुरू करताच काही वेळ जांभळट पाणी येते आणि उसाच्या वरंब्यावर पांढरा थर धरतो. माझ्या मेहुण्यांच्या गावी, रायगड जिल्ह्यात, रंगद्रव्ये बनवणाऱ्या कारखान्यासाठी जनसुनावणी झाली होती. कापड रंगवणाऱ्या युनिटांसाठी आमच्याकडे अशी सुनावणी का होत नाही? आम्ही आमचे म्हणणे कोठे मांडावे? — एक शेतकरी

उत्तर : हे दोन्ही उद्योग रंगाचेच असले, तरी कायदा त्यांना वेगळे मानतो. रंगद्रव्यांचे उत्पादन 2006 च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेच्या यादीत येते. त्यामुळे कारखाना मान्यताप्राप्त औद्योगिक वसाहतीबाहेर असेल, तर जनसुनावणी घ्यावी लागते, तिचे चित्रीकरण होते आणि इतिवृत्त शेवटी लोकांना वाचून दाखवावे लागते. कापडाची रंगाई त्या यादीतच नाही. अशी युनिटे 1974 च्या जल प्रदूषण कायद्याखाली राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाने दिलेल्या संमतीपत्रावर चालतात आणि ते देण्यापूर्वी नदीकाठच्या गावाला विचारण्याचे बंधन नाही. ही उणीव मला गंभीर वाटते, कारण युनिटे लहान असली तरी नदीला सोसावा लागतो तो सगळ्यांचा एकत्रित भार.

तरीही आपल्या हाती काहीच नाही, असे नव्हे. याच कायद्याच्या कलम 25 नुसार संमतीच्या अटींची नोंदवही मंडळाने ठेवायची असते आणि सांडपाण्याची झळ बसणाऱ्या कोणालाही ती पाहता येते. आधी ती पाहा आणि कोणत्या युनिटाला किती पाणी सोडण्याची परवानगी आहे, ते उतरवून घ्या. दुसरी संधी नियम बदलताना येते. केंद्र सरकार मसुदा राजपत्रात प्रसिद्ध करून हरकतींसाठी साधारणतः 60 दिवस देते. 2015 च्या मसुद्यात, दिवसाला 25 हजार लिटरहून अधिक सांडपाणी असलेल्या कापड युनिटांनी थेंबभरही बाहेर सोडू नये, असे प्रस्तावित होते. ऑक्टोबर 2016 च्या अंतिम अधिसूचनेत मात्र संवेदनशील भागांतील मोठ्या युनिटांवर ही सक्ती करायची की नाही, हे मंडळावर सोपवले गेले. अशा 60 दिवसांत नदीकाठची पत्रे पोहोचणे किती आवश्यक आहे, हे यावरून ध्यानात यावे.

आता त्या पांढऱ्या थराविषयी, कारण माझ्या मते आपल्या पत्रातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट तीच आहे. सुती कापडावर रंग बसावा म्हणून रंगाच्या पाण्यात भरपूर मीठ घालतात. गडद छटेसाठी लिटरमागे 50 ग्रॅमहून अधिकही लागते. सांडपाण्यातला रंग चुना आणि फेरस सल्फेट वापरून बराचसा खाली बसवता येतो, पण मीठ पाण्यातच राहते. म्हणजे नितळ दिसणारे पाणीही जमीन नासवू शकते. 2016 च्या मानकांत रंगाची मर्यादा 150 एकक, तर विरघळलेल्या क्षारांची लिटरला 2100 मिलिग्रॅम आहे, आणि थेट नदीत सोडताना याहून कडक मर्यादा घालण्याची मुभा मंडळाला दिलेली आहे. आपल्या अर्जात मागणी करावी ती नेमकी याच तरतुदीची; केवळ ‘नदी वाचवा’ असे लिहिल्यास अर्ज फाइलमध्ये पडून राहतो.

एक सावधगिरी बाळगावी. शिरोळमधील जमिनी उसाला दिलेल्या जादा पाण्यानेही क्षारपड झाल्या आहेत, हे समोरची बाजू निश्चित मांडेल. म्हणून मातीबरोबर मोटरचे पाणीही तपासून घ्या आणि पाणी जांभळे आले ती तारीख व वेळ वहीत लिहीत जा. न्यायालयात मात्र जल प्रदूषण कायद्याच्या कलम 21 च्या पद्धतीने मंडळाने घेतलेला नमुनाच ग्राह्य धरला जातो. तेव्हा वहीतील नोंदी जोडून नमुना घेण्याची लेखी मागणी करा आणि तिची पोहोच सांभाळून ठेवा.