नवे बूट थेट अजिंक्यतारा किल्ल्यावर नकोत

बूट चावतायत म्हणून घाबरू नका, आधी कुठं चावतायत ते बघा. टाचेवर लाल होत असेल तर बहुतेक वेळा लेस सैल असते आणि टाच आत वरखाली घासते. बूट घातला की टाच जमिनीवर आपटून मागं नीट बसवा, मगच लेस ओढा. घोट्याजवळची शेवटची दोन भोकं जास्त घट्ट. बोटं पुढं टेकत असतील तर मात्र माप चुकलंय, बदलूनच घ्या. पुढं अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवीच, नाहीतर यवतेश्वरचा घाट उतरताना नखं काळी पडतात.

पहिले तीन-चार दिवस घरातच, रोज अर्धा तास, पुढं ज्या मोज्यांवर चालणार त्याच मोज्यांवर. मग साताऱ्यातच राजवाडा ते पोवई नाका चालून बघा. चढ आठवड्यानंतर.

नवखे हमखास करतात त्या चुका:
- बूट भिजवून उन्हात ठेवणं. चामडं तडकतं, चिकटवलेला सोल सुटतो.
- जाड सुती मोजे. घाम धरून ठेवतात आणि ओली कातडी लवकर सोलते.
- चुरचुरतंय तरी चालत राहणं. तिथंच थांबा, मेडिकलमध्ये मिळते ती कागदी चिकटपट्टी लावा. फोड आलाच तर फोडू नका.